टाकीवरचा हिरवा दिवा

रंगांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! भिंतीचा रंग असो नाहीतर शर्टाचा, माझी नजर चुकत नाही. त्यामुळे बायको आठवडाभर बहिणीकडे गेली आणि नेमका तिच्या माशांच्या टाकीवरचा दिवा गेला, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही.

ही टाकी म्हणजे बायकोचा जीव की प्राण. मासे नावालाच, खरं कौतुक पाण्यातल्या झाडांचं! लेकरांसारखी वाढवलेली. जाताना बजावून गेली होती, "अहो, एक पान जरी गेलं ना, तर माझ्याशी गाठ आहे!"

दुकानदार म्हणाला, "झाडांना पांढरा न्या, दिवसाच्या उजेडासारखा."

"अहो, झाडं कुठल्या रंगाची असतात?"

"हिरवी."

"मग?"

बिचाऱ्याने कपाळाला हात लावला. मी हिरवा दिवा घेऊन ऐटीत घरी आलो.

आणि काय सांगू! दिवा लावताच टाकी अशी हिरवीगार झाली की बघत राहावं. शोभा खुलावी म्हणून मी पडदे ओढून घेतले, खोलीतली ट्यूबही बंद ठेवली. बायकोला रोज फोटो पाठवायचा. "अय्या, किती बहरलीत!" असं तिकडून उत्तर यायचं. छाती फुगून माझ्या शर्टाची बटणं तुटायची वेळ आली.

बायको परतायच्या दिवशी सासरे तिला भेटायला आले आणि टाकीजवळच्या खुर्चीत बसले. पाणी द्यायला गेलो तर त्यांचा चेहरा शेवाळासारखा हिरवा!

"बाबा, बरं नाही का तुम्हाला?"

"मला? ठणठणीत आहे मी!" त्यांनी हात पुढे केला, बघितला आणि ते खुर्चीतच मागे सरकले. "जावईबापू... हातही!"

मी धावत वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी जीभ बघितली, डोळे बघितले, मान हलवली. "अशी केस उभ्या जन्मात पाहिली नाही!" सासऱ्यांनी माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात माझं डॉक्टरांच्या तोंडाकडे लक्ष गेलं.

"डॉक्टर, तुम्हालाही लागण झाली!"

इतक्यात दार उघडून बायको आत आली. "अंधारात काय करताय सगळे?" म्हणत तिने ट्यूब लावली.

सासरे बरे झाले. डॉक्टरही बरे झाले. टाकीत मात्र बघवेना! सगळी झाडं तपकिरी होऊन तळाशी लोळत होती.

बायकोने आधी झाडांकडे बघितलं, मग वरच्या हिरव्या दिव्याकडे. सावकाश माझ्याकडे वळली.

"डॉक्टर, जाऊ नका!" सासरे ओरडले. "आता जावईबापू पांढरेफटक पडले!"

तरी दुकानदार सांगत होता हो, पांढराच न्या म्हणून!