जागता माणूस आणि माझं इंग्रजी

"भूत दाखवायचं तर भर दुपारी काहून दाखवून राहिले? भुतालाबी काही वेळकाळ असतो की न्हाई!"

माझ्या मानेमागं सखुबाई पुटपुटली. इतक्या जवळून, की तिच्या तोंडातल्या सुपारीचे दोन कण माझ्या पदरावर आले.

"भूत न्हाई, सखुबाई. इंग्रजी सिनेमा हाय. शास्त्राचा!" मी मान न वळवता सांगितलं. शास्त्राचं बोलताना मान वळवायची नसते.

औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत त्या वर्षी तंबूतला सिनेमा आला होता. रात्रीचे खेळ बाप्यांचे, दुपारचा एकच खेळ बायकांचा. तंबूवर काळी घोंगडी टाकून अंधार केलेला. आम्ही शिरड शहापूरच्या बायका सहा गाड्या भरून आलेलो. सखुबाईला आणि तिची सून जिवनबाई हिला मीच ओढून आणलं होतं. सखुबाईचा दगडोबा मिलिटरीत, दूर कुठं लढाईवर. चार महिने झाले, त्याचा कागद नव्हता. गावात कुणी त्या दोघींपुढं त्याचं नाव काढत नसे. बोलणं तिकडं वळायला लागलं, की आम्ही घाईघाईनं म्हशीचं दूध काढायचो. म्हणजे म्हशीचा विषय!

तर बाप्यांच्या खेळाला कंपनीचा एक माणूस पडद्याशेजारी उभा राहून इंग्रजीचं मराठी करून सांगायचा. बायकांत त्याला कोण येऊ देणार? मालक पुनमचंद कनातीबाहेरून ओरडले, "बायांनो, तुमच्यात कुणाला इंग्रजी येतं का?"

साठ बायांची साठ बोटं माझ्याकडं!

आता खरं सांगते. मी शाळेची पायरी चढले नाही. पुड्यांच्या कागदांवरून मराठी वाचायला शिकले, आणि त्याचा मला अभिमान आहे. इंग्रजीची काडेपेटीवरची सात अक्षरं ओळखते. पण दोन वर्षांमागं विहिरीवर बोलून गेले, "इंग्रजीबी येतं थोडं." विहिरीपासून गावापर्यंत येताना त्यातलं 'थोडं' कुठंतरी सांडलं. बाकीचं माझ्या डोक्यावर बसलं ते बसलंच.

पण मी घाबरले का? मुळीच नाही! साहेब झाला म्हणून त्याच्या घरात काय निराळं घडतं? पदर खोचून पडद्याशेजारी उभी राहिले.

खेळ सुरू झाला. एक गोरी बाई, एक गोरा बाप्या.

"हे बहीण-भाऊ," मी जाहीर केलं.

लगेच त्यानं तिला कवेत घेतलं. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"लई दिवसांनी भेटले!" मी ठणकावून म्हणाले.

मग पांढऱ्या डगल्यातला म्हातारा डॉक्टर आला. काचेच्या नळ्यांत काहीतरी उकळत होतं. त्यानं त्या भावाला टेबलावर निजवून सुई टोचली. घड्याळाचे काटे गरागरा फिरले, खिडकीत सूर्य उगवला, मावळला, पुन्हा उगवला. भाऊ आपला टक्क जागा! एवढं तर माझ्या म्हशीलाही कळलं असतं.

"डॉक्टरनं झोप उडवायचं औषध काढलं," मी सांगितलं. "आता हा गडी रातंदिस काम करणार."

"त्यात काय मोठं?" पारुबाई म्हणाली. "सासूनं मला औषधाविनाच तसं केलंय!"

तंबू हसला. पण पुढं डॉक्टरचं गणित बिघडलं. त्या गड्याचे डोळे लिंबाएवढे झाले. केस उभे राहिले, दात बाहेर आले, अंग ताडासारखं वाढलं. नळ्या फोडत, डॉक्टरला भिरकावून देत, तो डुलत डुलत थेट आमच्याकडं यायला लागला! लेकरं रडायला लागली. दोघी-तिघी दाराकडं पळाल्या.

"पळता काहून?" पारुबाई कडाडली. "दिसत न्हाई का, अंगात आलंय त्याच्या!"

झालं! अंगात आलं म्हटल्यावर आमच्या बायकांना भीती नाही, तिथं काम असतं. पारुबाईनं कनवटीचं हळदकुंकू काढलं, पडद्याच्या पायाशी वाहिलं आणि हात जोडले.

"कोण हायेस बापा? काय पायजे तुला?"

आणि तो मेला त्याच वेळी इंग्रजीत बोलला! साठ तोंडं माझ्याकडं वळली.

"नैवेद्य पायजे म्हणतो," मी म्हणाले. "पुरणाचा."

"देऊ! माझी म्हैस गाभण हाय का इचार."

तो डरकाळला.

"हाय म्हणतो. रेडी होईल."

मग काय! पडद्यापुढं रांग लागली. कुणाचं बाळंतपण, कुणाचा हरवलेला बैल, कुणाच्या जावेचा स्वभाव. तो तिकडं खुर्च्या मोडतोय, मी इकडं धडाधड उत्तरं देतेय. बैल सेनगावच्या बाजारात सापडेल. जाऊ काही सुधारणार नाही. इतकं सफाईचं इंग्रजी मी जन्मात बोलले नव्हते!

आणि रांगेत सखुबाई उभी राहिली.

तिनं चोळीतून एक लिफाफा काढला. चुरगळलेला, घामानं भिजलेला. वर इंग्रजी छापलेलं. फोडलेला नव्हता.

"वीस दिस झाले येऊन," ती म्हणाली. "ह्याला साहेबाची भाषा येते. ह्याला वाचाय सांग नर्मदे, अन् तू मला आपल्या बोलीत सांग."

जिवनबाई तिच्या मागं उभी होती. वीस दिवस एका घरात राहून तिलाही हा कागद ठाऊक नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

सखुबाईनं लिफाफा पडद्यापुढं धरला. तो राक्षस थांबला, लटपटला, आणि धाडकन आडवा पडला! सगळ्या बायकांच्या तोंडून एकच हाय निघाली. सखुबाईनं लिफाफा छातीशी धरला.

"मेला न्हाई!" मी जीव खाऊन ओरडले. "झोप लागली त्याला! एवढ्या दिसांनी झोप लागली हो!"

खेळ संपला. घोंगडी बाजूला झाली, ऊन आत आलं. सखुबाईनं लिफाफा माझ्या हातात दिला. म्हशीचं पोट, बैलाचा बाजार, ते सगळं ठीक होतं. पण इथं एक अक्षर खोटं बोलायला माझी जीभ उचलेना.

"उजेड कमी हाय," मी म्हणाले. उन्हात डोळे दिपत होते! "अक्षर बारीक हाय. पुनमचंदभाऊ, जरा तुमी वाचा." आणि कनातीखालून लिफाफा बाहेर सरकवला.

"फोडू का?" पलीकडून आवाज आला.

सखुबाईनं नुसती मान हलवली. कनातीला मान कशी दिसणार? सासूपुढं कधी तोंड न उघडणारी जिवनबाई ओरडली, "फोडा!"

कागद फाटल्याचा आवाज. मग पुनमचंदांची "हं... हं..." अशी एकेक ओळ.

"बाई, मिलिटरीच्या टपालवाल्यांनी लिहिलंय. तुमी धाडलेली लोणच्याची बरणी वाटेत फुटली. तेलानं दोन थैले टपाल नासलं. पुन्हा लोणचं धाडाल तर घेणार न्हाई, अशी ताकीद हाय. उरलेलं लोणचं शिपाई दगडोबास पोचतं केलं. खाली पोच म्हणून त्याचा अंगठा हाय."

कागद कनातीखालून परत आला. अंगठा तेलकट होता. जिवनबाईनं तो नाकाशी धरला आणि तिथंच खाली बसली. सखुबाई हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. बायकांनी एकच गिल्ला केला.

माझ्या जिवात जीव आला. जीव आला, की त्याच्या पाठोपाठ माझा तोराही येतो.

"मी हेच सांगणार होते," मी पदर सारखा करत म्हणाले. "इंग्रजीत असंच लिहितेत, फिरवून फिरवून."

सखुबाईनं डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"नर्मदे, तुला इंग्रजी येत न्हाई."

साठ बाया छताकडं बघायला लागल्या. दोन वर्षं साऱ्या गावाला ठाऊक होतं तर!

"येत असतं, अन् तू खरंखुरं वाचणार असतीस," सखुबाई म्हणाली, "तर हा कागद मी तुझ्यापुढं काढलाच नसता."