मास्तरांचे हातवारे

आणखी एक मॅच हरून मास्तर घरी आले, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होत्या.

"घसा बसलाय का?" मास्तरांनी काळजीने विचारलं. माणूस मुळात सज्जन.

"बसणार नाही तर काय. दीड तास ओरडत होते."

"काय ओरडत होता?"

"सगळे ओरडत होते तेच. कोच हटवा, क्लब वाचवा." सासूबाईंनी तोंड पुसलं. "राग मानू नका हं. घरात तुम्ही जावई. मैदानावर क्लब आधी."

मास्तरांनी राग मानला नाही. सासरे हयात असताना आमच्या याच फुटबॉल क्लबाकडून खेळायचे, आणि तेव्हापासून पहिल्या रांगेतली, खेळाडूंच्या बाकाला लागून असलेली खुर्ची सासूबाईंची होती. तिथे दुसरं कोणी बसायची हिंमत करत नसे. मास्तर त्या क्लबाचे कोच झाले हा खुर्चीचा दोष नव्हे.

"अध्यक्ष काय म्हणाले?" बायकोने ताटं वाढत विचारलं. ती बिचारी दोन्ही पक्षांची होती.

"रविवारी हरलात तर सोमवारी येऊ नका, म्हणाले."

"मग काय बिघडलं? दादाने दुकानात तुमच्यासाठी खुर्ची पुसूनच ठेवलीय."

दादाचं, म्हणजे मेहुण्याचं, गाद्यांचं दुकान होतं. मास्तरांना गाद्यांचं वावडं नव्हतं, मेहुण्याचं होतं. येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगणार, "हे आमचे भावोजी, पूर्वी फुटबॉलमध्ये होते," आणि मग गादी किती मऊ आहे हे दाखवायला मास्तरांनाच तिच्यावर आडवं करणार. त्या विचाराने मास्तरांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

इकडे कपडे बदलायच्या खोलीत खेळाडूंच्याही घशाखाली काही उतरत नव्हतं. मास्तरांना खेळ किती कळतो याबद्दल दुमत होतं, पण माणूस लाखात एक. फाटलेले बूट ते स्वतः दाभण घेऊन शिवून द्यायचे. गोलकीपरचं प्लास्टर निघेपर्यंत त्याला रोज स्कूटरवर घरी सोडायचे. या गोलकीपरला सगळे खांब म्हणत, एक तर उंचीमुळे, आणि दुसरं म्हणजे बॉल आला तरी तो हलत नसे म्हणून.

"मास्तर गेले तर मीपण चाललो," खांब म्हणाला.

"तू गेलास तर आपण जिंकायला लागू, आणि त्यांना घालवलं ते बरंच झालं असं लोक म्हणतील," कप्तान म्हणाला. तो एरवी बस चालवायचा आणि कोणाचंही ऐकून न घेता निघायची त्याला सवय होती. "नीट ऐका. मास्तर सांगतात तसं आपण खेळतच नाही. कसं खेळणार? ते ओरडतात ते त्या गोंगाटात ऐकू येतं कुणाला?"

हे खरं होतं. 'कोच हटवा'च्या गजरात कोचचा आवाज कुठल्या कुठे वाहून जायचा. शेवटी ठरलं की मास्तरांनी ओरडायचंच नाही, खुणा करायच्या. मास्तरांना कल्पना एकदम पटली. त्यांनी रात्रभर जागून खुणा शोधल्या आणि सकाळी सगळ्यांना घोटून घोटून शिकवल्या. टोपी काढली की सगळ्यांनी पुढे चढाई करायची. कान पकडले की डाव्या बाजूने घुसायचं. कपाळावर हात मारला की लांबूनच बॉल गोलवर मारायचा. आणि अगदीच गळ्याशी आलं, दोन्ही हात जोडले, की खांबाने स्वतःचा गोल सोडून समोरच्या गोलपर्यंत धावत जायचं.

"मुद्दाम अशाच निवडल्यात," मास्तर अभिमानाने म्हणाले. "मैदानावर माणूस चुकूनसुद्धा कान पकडत नाही."

"मास्तर दाखवतील ते करायचं, डोळे झाकून," कप्तानाने सगळ्यांकडून शपथ घेतली.

"डोळे झाकले तर दिसणार कसं?" खांबाने विचारलं, आणि त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

रविवारी समोर आला तो या मोसमात एकदाही न हरलेला संघ. मध्यंतराला एक गोल अंगावर होता. एवढ्या वेळात मास्तरांनी एकही खूण केली नव्हती, कारण कुठली केव्हा करायची हेच त्यांना सुचत नव्हतं. दोन्ही हात खिशात घालून ते भिंतीवरच्या पालीसारखे निश्चल उभे होते.

उत्तरार्ध सुरू झाला आणि सासूबाई खुर्चीतून उठल्या. कठड्याच्या टोकाला आल्या आणि थेट मास्तरांच्या कानाशीच सुरू झाल्या, "हटवा, हटवा, कोच हटवा." मागून अख्खं मैदान त्यांना साथ देत होतं.

"आई, जरा हळू," मास्तर त्यांच्याकडे वळून म्हणाले.

"मी कशाला हळू? हळू तुमची पोरं धावतायत तेवढं पुरे."

मास्तरांना दरदरून घाम फुटला. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं.

"टोपी," कप्तान ओरडला. सगळा संघ पुढे सुटला.

"आज घरी या म्हणजे बोलते," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाच्या वेळीच ह्यांना सांगत होते, या मुलाला नीट चेंडू सांभाळता येत नाही, संसार काय सांभाळणार."

"चुकलं आई, कान पकडतो, पण आत्ता नको," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खरोखर कान पकडले.

सगळा संघ डावीकडे वळला. सकाळपासून एकदाही डावीकडे कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे तिथे अडवायलाही कोणी नव्हतं. बॉल आत आला, आमच्या एका खेळाडूच्या पाठीवर आपटला आणि गोलमध्ये गेला. तो खेळाडू त्या वेळी बुटाची नाडी बांधत होता.

"नशिबाने गेला," सासूबाईंनी निकाल दिला. "जसं नशिबाने आमच्या घरात आलात."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. कप्तानाने होता तिथूनच, निम्म्या मैदानावरून, बॉल हाणला. समोरचा गोलकीपरही सासू-जावयाचं भांडणच बघत होता. त्याने कसाबसा बॉल बाहेर ढकलला, आणि आमच्या वाट्याला कोपऱ्यातून मारायची संधी आली.

"आई," मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले, "तुमच्यापुढे हात जोडतो."

खांबाने ते जोडलेले हात पाहिले. मग रिकामा गोल पाहिला. मग शपथ आठवली, आणि जन्मात धावला नव्हता तसा तो धावत सुटला. कोपऱ्यातून बॉल आला तेव्हा खांब थांबायला विसरला होता. बॉल त्याच्या डोक्याला लागला आणि आत गेला. त्याच्या मागोमाग खांबही.

जल्लोष ऐकून मास्तर मैदानाकडे वळले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. दोन्ही गोल त्यांनी पाहिलेच नव्हते.

त्या दिवशी लोकांनी मास्तरांना खांद्यावरून मिरवलं. अध्यक्षांनी हार घातला आणि पेपरात 'हुशार कोचच्या गुप्त खुणा' असं छापून आलं. सासूबाईंनी ते कात्रण फ्रिजवर लावलं आणि येईल त्याला सांगितलं, "माझा जावई आहे."

इथेच सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण पुढच्या रविवारी सबंध मैदान चिडीचूप बसलं. मास्तरांचं डोकं शांत राहावं म्हणून लोक खोकतानासुद्धा तोंडावर रुमाल धरत होते. सासूबाई मांडीवर हात ठेवून कौतुकाने बघत होत्या. गोंगाट नाही, भांडण नाही, तेव्हा मास्तरांना खुणांची गरजच उरली नाही. त्यांनी तोंडाने सूचना दिल्या, त्या सगळ्यांना स्वच्छ ऐकू आल्या, आणि आम्ही चार गोलांनी हरलो.

"पुढची हरलात तर हार परत करा," अध्यक्ष म्हणाले.

कप्तान आणि खांब धावत सासूबाईंकडे गेले. "आजी, मास्तरांना पुन्हा बोला ना. पूर्वीसारखं."

"छे गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "चारचौघांत जावयाला बोलायची आमच्यात पद्धत नाही."

कप्तान काय ते समजला. येताना तो खांबाला म्हणाला, "आता आपल्यालाच वाईट व्हायला लागणार." मास्तरांना वाचवायचं तर दुसरा मार्ग नव्हता.

पुढच्या रविवारी खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला, एक गोल अंगावर बसला, आणि त्या शांततेत बाकावरून आवाज आला, "कोच हटवा." बाकावर राखीव खेळाडू बसले होते, मास्तरांचीच पोरं. एकाने सुरू केलं, बाकीच्यांनी माना खाली घालून उचलून धरलं, "कोच हटवा, क्लब वाचवा."

मास्तर वळले. ज्याचा बूट कालच शिवला होता तोच सर्वांत मोठ्याने ओरडत होता. मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. मोसमभर लोकांच्या शिव्या खाऊन जे त्यांना लागलं नव्हतं, ते या क्षणी लागलं.

पण त्यांनी काही बोलायच्या आधी सासूबाई उठल्या. या वयात त्यांनी कठड्यावर एक पाय टाकला. "कोण रे तो? ज्याच्या हातचे शिवलेले बूट घालता त्यालाच हटवता? थांबा, बघतेच एकेकाला."

"आई, पडाल," मास्तर धावले. गडबडीत त्यांच्या डोक्यावरची टोपी उडाली.

"टोपी," कप्तान मैदानातून ओरडला.

"सोडा मला, मी कान उपटते यांचे."

"त्यांचं चुकलं, मी कान पकडतो, तुम्ही खाली उतरा."

संघ डावीकडे धावला. सासूबाईंनी दुसरा पाय टाकला. मास्तरांनी कपाळावर हात मारला, मग हात जोडले. खांबाने या वेळी रिकाम्या गोलकडे वळूनही पाहिलं नाही. आम्ही तीन-एकने जिंकलो.

संध्याकाळी राखीव पोरं मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली. मास्तर ओट्यावर बसून खांबाचा बूट शिवत होते.

"मास्तर," त्यातला एक कसाबसा म्हणाला, "आम्ही मनापासून नव्हतो ओरडत."

मास्तरांनी दाताने दोरा तोडला. "माहीत आहे," ते म्हणाले. "मनापासून ओरडणाऱ्याचा घसा बसतो. तुमचा कुठे बसलाय?"

आत स्वयंपाकघरात सासूबाई गुळण्या करत होत्या.