जागतिक पातळीवर निकाली निघालेला नळ

परदेशात भरणाऱ्या जागतिक नेत्यांच्या पाणी परिषदेत मराठवाड्याचा एकही माणूस नाही, ही गंभीर बाब नायगाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या ध्यानात आली आणि गाव दुखावलं. उपसरपंच व्यंकटरावांनी खास ग्रामसभा बोलावली. "ज्याच्या घशाला कोरड, त्यालाच तिथं जागा न्हाई," एवढं बोलून ते तांब्याभर पाणी प्याले. निषेधाचा ठराव झाला. ग्रामसेवक रामलिंग यांनी तो त्याच दिवशी ईमेलनं परिषदेला धाडला.

सरपंच बुद्धप्रिया कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. राखीव जागेवर निवडून आल्यापासून ती खुर्चीही त्यांच्यासाठी राखीवच होती. त्यांचा विषय एकच. पाण्याची पाइपलाइन पारापर्यंत येऊन थांबली होती, आणि पाराच्या पलीकडं बौद्धवाडा होता. तिथल्या बाया उजाडायच्या आत रानातल्या बोअरवर जात आणि हंड्यातलं पाणी हिंदकळू नये म्हणून वाटेनं बोलतसुद्धा नसत.

"व्यंकटराव, ते आमच्या नळाचं..."

"सरपंचबाई, जगाचा विषय चालू हाय. त्याच्यात नळ कुठं आणून राहिल्या तुम्ही?"

परिषदेला लाज वाटली. उत्तर आलं : चूक मान्य आहे. छोट्या गावातल्या, अल्पसंख्याक समाजातल्या एखाद्या महिला नेत्यानं पडद्यावरून दोन मिनिटं बोलावं. भाषांतराच्या सोयीसाठी भाषण आगाऊ लेखी पाठवावं.

गावात इतकी पात्र व्यक्ती एकच निघाली. व्यंकटरावांना वाईट वाटलं, पण मराठवाड्यासाठी ते सोसायला तयार झाले. "तोंड तुमचं राहू द्या, भाषणाचं आमी बघतो," ते म्हणाले. त्यांनी सांगितलं, रामलिंगनं इंग्रजी करून पाठवलं. त्यात होतं : आमच्या गावात भेदभाव नाही, घरोघरी नळ आहे, फक्त जगानं आम्हाला सामावून घ्यावं.

"घरोघरी नळ हाय का, भाऊसाहेब?" बुद्धप्रियांनी रामलिंगला विचारलं.

"मग काय जगापुढं गावाची अब्रू काढता, मॅडम?"

ठरल्या दिवशी ग्रामपंचायतीत पडदा लागला. सतरंजीवर गाव बसलं. बुद्धप्रियांनी हातातला कागद पालथा घातला.

"आमच्या वाड्यात पाणी येत न्हाई. नळ पारापाशी थांबलाय. तुमी जगात जागा देऊन राहिले, गावात कोण देत न्हाई."

व्यंकटरावांचा हात माइकच्या बटणाकडं गेला. रामलिंगनं तो अलगद धरला.

"बोलू द्या मालक. तिकडं आपलाच कागद वाचून राहिले."

आणि खरंच, तिकडं भाषांतरकार बाई पाठवलेलं भाषण ओल्या आवाजात वाचत होत्या. जगाचे नेते उभं राहून टाळ्या वाजवू लागले. एकानं तर डोळे टिपले. गावात पेढे वाटले गेले.

पुढच्या ग्रामसभेत बुद्धप्रियांनी पुन्हा नळाचा विषय काढला. रामलिंगनं खेदपूर्वक निवेदन केलं, की या गावात घरोघरी नळ असल्याची नोंद परिषदेच्या दप्तरी झालेली असून ती खुद्द सरपंचांच्याच नावे आहे. सबब, जागतिक पातळीवर निकाली निघालेला विषय ग्रामपंचायत पातळीवर पुन्हा उघडता येणार नाही. सरपंच वगळता हा ठराव एकमतानं मंजूर झाला.

"मी तसं बोललेच न्हाई," बुद्धप्रिया म्हणाल्या. "तुमी समदे ऐकत होता की."

व्यंकटराव हळहळले. "आमच्या ऐकण्याला काय किंमत हाय, सरपंचबाई? आपुन लहान माणसं."

जगाला मराठी येत नाही, तेव्हा जगाला माफ करता येईल. त्या खोलीत मात्र झाडून सगळ्यांना येत होती. आणि आपण, वाचकहो, इथवर वाचलंत, म्हणजे आपल्यालाही येते.