मी तिसरा मजला खाली आणला

तुम्हाला म्हणून सांगतो, कॉम्प्युटरला घाबरायचं नसतं. त्याला दम द्यायचा असतो! आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत हे फक्त मला जमतं. बाकीचे एकेक फाइल उघडून टुकूटुकू क्लिक करत बसतात. मी काळी खिडकी उघडतो, एका ओळीचा हुकूम टाइप करतो, एंटर मारतो आणि काम फत्ते!

परवा साहेबांनी फर्मान काढलं, "ऑफिस तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर जातंय. सगळ्या कागदांवरचा पत्ता बदला."

टायपिस्टबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, बाराशे फायली आहेत! आठवडा जाईल."

"बाई, तुमचा चहा गार व्हायच्या आत होईल! जिथे 'तिसरा मजला' दिसेल तिथे 'पहिला मजला' कर, एवढंच तर कॉम्प्युटरला सांगायचंय."

"आधी एक प्रत तरी काढून ठेवा हो."

"प्रत? ती कच्च्या गड्यांनी काढायची!"

मला घाईही होती. चार वाजता माझ्या सासऱ्यांचा बुद्धिबळाचा अंतिम सामना होता. वीस वर्षं खेळून म्हातारा पहिल्यांदा इथवर पोचला होता. पण राहायला तिसऱ्या मजल्यावर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जिना उतरायला डॉक्टरांची बंदी. आणि त्यांच्या इमारतीची लिफ्ट सगळीकडे थांबायची, फक्त तिसऱ्यावर दार उघडायचं नाही! तक्रार मी स्वतः आमच्याच कंपनीत नोंदवली होती आणि सकाळी फोनवर त्यांना शब्द दिला होता.

"बाबा, दोनच्या आत दार उघडलं नाही तर नाव बदलीन!"

"जावईबापू, नाव राहू द्या. दार तेवढं बघा."

मी एंटर मारला. क्षणात बाराशे फायली सरळ! बाईंचा चहा खरंच अजून वाफाळत होता. मी कॉलर ताठ केली.

अडीचला मिस्त्रीचा फोन आला. "भाऊ, तुमच्या सासऱ्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्याचं दार खोललं. पण त्याला काही झालेलंच नाही!"

"पहिलं कशाला खोललंस? तिसरं बिघडलंय!"

"मोबाइलवर चिठ्ठी आलीय. पहिला मजला."

मी पडद्यावर नीट बघितलं. हुकूम सोडायचा होता पत्रांच्या फोल्डरमध्ये. मी तो सोडला होता सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये! त्यात ग्राहकांच्या तक्रारींच्या चिठ्ठ्याही होत्या. गावभर जिथे जिथे तिसऱ्या मजल्याचं दार बिघडलं होतं, तिथे आमची माणसं पहिल्या मजल्याचं धडधाकट दार खोलत बसली होती.

पण मी डगमगलो नाही. दिलेला हुकूम परत घ्यायचा, त्यात काय! 'पहिला मजला' दिसेल तिथे 'तिसरा मजला' कर. एंटर!

बाई मागून डोकावल्या. "अहो, पण जे मुळातच पहिल्या मजल्यावरचे होते, त्यांचं काय?"

मी उत्तर द्यायच्या आत चारही फोन एकदम वाजले. जे मुळातच पहिल्या मजल्यावरचे होते, तेच बोलत होते. त्यांच्याकडे पाठवलेली आमची माणसं आता तिसऱ्यावर गेली होती.

पुन्हा मिस्त्री. "भाऊ, पहिल्याचं दार बसवत होतो, तेवढ्यात नवी चिठ्ठी आली. म्हटलं, साहेबांचीच घाई दिसतेय. मग तिसऱ्याचंही खोललं. आता दोन्ही उघडी आहेत. लिफ्ट बंद. उद्यावर गेलं काम!"

घड्याळात सव्वातीन. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी कपाट उघडलं. आत सगळ्या तक्रारींच्या छापील प्रती, तारखेवार लावलेल्या. त्याच गठ्ठ्याला मी वर्षभर रद्दी म्हणत आलो होतो.

"मी इथून एकेकाला फोन लावते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सासऱ्यांकडे पळा."

पोचलो तेव्हा सासरे इस्त्रीचा सदरा घालून, काठी टेकून घराच्या उघड्या दाराशी उभे होते. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते घड्याळाकडे बघत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, खुर्चीत बसा," मी म्हणालो.

पुढून मिस्त्री, मागून मी. खुर्चीसकट तीन मजले! प्रत्येक वळणावर सासरे सूचना देत होते, "डावीकडून घ्या! घाई नको! जावईबापू, मागचा पाय आधी!" खाली पोचलो तेव्हा माझी कंबर वरच राहिली होती.

तिथून रिक्षाने सामन्याचा हॉल गाठला आणि चारला दोन मिनिटं कमी असताना ते पटापुढे बसले. आणि जिंकले! मी इतका ओरडलो की पंचांनी मला बाहेर काढलं.

संध्याकाळी ते कप मांडीवर घेऊन म्हणाले, "उतरवलंत, आता चढवा."

मी माझ्या कंबरेला विचारलं. ती नाही म्हणाली. आमचं घर तळमजल्यावर, म्हणून त्यांना तिकडेच आणलं. लिफ्ट दुसऱ्या दिवशीच दुरुस्त झाली, पण सासऱ्यांना आमच्याकडची हवा मानवली. ते अजून आहेत. रोज जेवणानंतर पट मांडतात आणि मला हरवतात.

काल माझा वजीर फुकट गेला. मी म्हणालो, "बाबा, चुकून झालं. एवढी एक चाल परत घेऊ?"

सासरे काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "बाबा, मुळीच घेऊ देऊ नका! मागच्या वेळी ह्यांनी परत घेतलं, तेव्हाच लिफ्ट बंद पडली!"