हेलिकॉप्टरसाठी मांडलेल्या घागरी

आमच्या उदगीर भागात हेलिकॉप्टर कशासाठी येतं, ते मला विचारा! दुष्काळ पडला की मंत्री येतात, वरून बघतात, हात हलवतात आणि निघून जातात. म्हणून तहसीलमधून फोन आला, "उद्या दुपारी पाण्याच्या कामासाठी तुमच्या शिवारावर हेलिकॉप्टर येणार," तेव्हा पुढचं ऐकायच्या भानगडीत मी पडलोच नाही. ठेवला फोन! गावची सरपंच माझी बायको महादेवी, पण फोन माझ्याकडे असतो आणि डोकंही माझंच चालतं!

"अवो, काय म्हनायलेत ते?" तिनं विचारलं.

"मंत्री यायलेत! आता बघ, हेलिकॉप्टर खाली उतरवूनच दाखवतो. बोअर मागू, आन् जमलं तर नवा उदगीर जिल्हाबी मागून टाकू!"

"आधी बोअरचं बघा. शेवटचा हापसाबी कोरडा पडलाय."

बेत झकास होता. गावातल्या झाडून सगळ्या घागरी, हंडे, कळश्या गोळा केल्या आणि देवळामागच्या माळावर भलंमोठं 'पाणी' लिहिलं. घागरी कमी पडल्या, तशी गोठ्यांवरचे पत्रे काढून वेलांटी ओढली. शेजारच्या बसम्मा अक्का तांब्याची घागर सोडेनात.

"माझ्या माहेरची हाय ती!"

"अक्का, मंत्री सोताच्या हातानं परत देतील!"

दुपारी घरघर ऐकू आली. आम्ही टाळ्यांसाठी हात उचलले आणि ते तसेच हवेत राहिले! हेलिकॉप्टरखाली दोरांना एक अवाढव्य कडं लटकत होतं. माझं किराणा दुकान गिऱ्हाइकांसकट त्यात मावलं असतं!

"अगागागा! हे काय आलं वो!" अक्का किंचाळल्या. शेळ्या दावी तोडून पळाल्या. मी हार घेऊन मागं धावलो, "साहेब, खाली या! खाली या!" ते 'पाणी'वरून सरळ गेलं आणि दिसेनासं झालं.

संध्याकाळी जीपमधून एक इंजिनिअर उतरले. माळ बघून मटकन खालीच बसले!

"हे कुणी मांडलं? त्या कड्यातून जमिनीत लहरी सोडून आम्ही पाणी शोधतो. वर एवढा धातू पडल्यावर यंत्राला खालचं काय कळणार? भांडी, पत्रे बाजूला ठेवा, हे सांगायलाच तर तहसीलमधून फोन केला होता!"

अख्खं गाव माझ्याकडे बघायला लागलं. जमिनीच्या पोटात खोलवर बघणारं यंत्र आलं होतं, आणि आम्ही त्याला घागरींच्या बुडाशी अडवलं!

"मग पुन्यांदा उडवा की, साहेब," महादेवी म्हणाली. "बोअर कुठं मारायचं ते कसं कळावं?"

"हेलिकॉप्टर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, ताई. शेजारच्या गावांच्या जमिनीतल्या पाण्याचा नकाशा होईल. तुमचं शिवार कोरं राहणार."

महादेवीनं एक घागर उचलून माझ्या हातात दिली.

"मी टँकर चालू करून घेते. गावाला पाणी लागेस्तोवर रांगेत तुमीच थांबायचं. समद्यांच्या घागरी घिऊन!"

टँकरची सगळ्यात लांब रांग आमच्याच गावात लागते, असं लोक म्हणतात. खरं आहे मंडळी. फक्त त्या रांगेत माणूस मी एकटाच असतो!