आरपारचं वारं

परराष्ट्रमंत्री रादोसाव बुलायिच यांना शुक्रवारी घरी बसवणार, हे सोमवारीच राजधानीतल्या कॉफीच्या सगळ्या टेबलांना कळलं होतं. राजधानीत अशी टेबलं चाळीसच असल्यामुळे बातमीला फारसं चालावं लागत नाही. पंतप्रधान वुकोता यांनी कारणही सांगून टाकलं होतं. "तीन वर्षं झाली, बाहेरच्या एका माणसाला याचं नाव ठाऊक नाही. मागच्या परिषदेत कुणीतरी याच्या हातात गाडीची किल्ली दिली, पार्क कर म्हणून."

किल्ली दिली होती हे खरं होतं. रादोसावने गाडी लावलीही होती, आणि सरळ लावली होती.

मंत्रिपद गेलं की गावच्या शाळेत पुन्हा भूगोल शिकवायचा. त्याचं त्याला दुःख नव्हतं. डोंगर तरी जागा सोडत नाहीत. काळजी होती ती आईची. स्तानाबाईंनी "आमचा रादो जग चालवतो" असं गावभर सांगून ठेवलं होतं. शेजारची इलिंका त्यावर म्हणाली होती, "मग जरा नीट चालव म्हणावं." तेव्हापासून दोघींत बोलणं होतं, पण फक्त टोमण्यांचं.

आता सगळी मदार गुरुवारच्या परिषदेवर होती. आजूबाजूच्या चार छोट्या देशांचे मंत्री येणार होते, आणि उत्तरेकडच्या मोठ्या देशाच्या मंत्री थोरहिल्डबाई. त्यांनी आणलेल्या कराराच्या मसुद्यात कलम नऊ असं होतं, की घरी केलेलं चीज यापुढे सीमेपलीकडे नेता येणार नाही. पाचही मंत्र्यांच्या बॅगेत त्या दिवशी आईने बांधून दिलेलं चीज होतं. पण थोरहिल्डबाईंपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती, आणि एकत्र बोलायचा तर प्रश्नच नव्हता. या पाच देशांचं तीस वर्षांत कशावरही एकमत झालं नव्हतं. ते चीज मूळचं कुणाचं, यावर तर नाहीच नाही.

गुरुवारी सकाळी आईचा फोन आला.

"आत बनियन घातलंस ना?"

"आई, बाहेर अडतीस डिग्री आहे."

"म्हणून तर विचारते. घाम येणार, घामावर वारं लागणार. तुझ्या मिलोयकाकांचं काय झालं, विसरलास?"

मिलोयकाका ब्याण्णवाव्या वर्षी ट्रॅक्टरखाली सापडून गेले होते. पण आदल्या दिवशी ते दोन उघड्या खिडक्यांच्या मधे बसले होते, आणि घरात मृत्यूचं कारण तेच धरलं जाई.

"घातलंय," रादोसाव म्हणाला. घातलं नव्हतं.

अकरा वाजता हॉलमधला एसी बंद पडला. थोरहिल्डबाई प्रसन्नपणे म्हणाल्या, "खिडक्या उघडा की! आणि समोरचा तो दरवाजाही."

शिष्टाचार विभागाची देसांका गेली वीस वर्षं राजेमहाराजांना सांभाळत आली होती. तिचा चेहरा पांढरा पडला. "दोन्ही, बाई? एकदम?"

"हो, म्हणजे छान आरपार वारा येईल."

खिडकी उघडणाऱ्या वेटरने आधी छातीवर क्रूस काढला, मग कडी काढली.

रादोसावची खुर्ची बरोबर खिडकी आणि दरवाजा यांच्या मधल्या रेषेत होती. पहिली झुळूक ओल्या मानेवर आली तशी त्याने कॉलर वर केली. दुसरीला नॅपकिन गुंडाळला. तिसरीला त्याने देसांकाला खुणावलं.

"खुर्ची सरकव."

"साहेब, खुर्ची सरकवली तर झेंडा सरकवावा लागेल. झेंडा शेजाऱ्याच्या हद्दीत जातो."

"आणि मानेचं काय?"

"मानेबद्दल नियम नाही, साहेब."

"कलम नऊ," थोरहिल्डबाईंनी वाचायला सुरुवात केली, आणि त्याच क्षणी चौथी झुळूक आली. रादोसाव उठला. तडक कोपऱ्यात गेला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

आता रादोसाव अंगाने भरलेला होता. इतका वेळ तो अडवत असलेलं वारं सरळ शेजारच्या मंत्र्याच्या कानात शिरलं. तोही उठला. मग त्याच्या पलीकडचा. दोन मिनिटांत पाच देशांचे परराष्ट्रमंत्री कॉलरी वर करून, दगडी चेहऱ्याने, कोपऱ्यात खांद्याला खांदा लावून उभे होते. टेबलाशी थोरहिल्डबाई एकट्याच, आणि कलम नऊचा कागद छताकडे निघालेला.

दारातल्या छायाचित्रकारांनी काम चोख केलं. दुपारपर्यंत बातमी जगभर गेली. पाच देशांचा एकमुखी बहिष्कार, नेतृत्व बुलायिच यांचं. नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर.

पंतप्रधानांचा फोन आला. "कुणाला विचारून बहिष्कार टाकलास रे?"

"साहेब, मी फक्त उठलो."

पलीकडे बहुधा टीव्ही बघणं चाललं होतं.

"बरं. आता बसू नकोस."

संध्याकाळी मेजवानीच्या वेळेला व्हायचं तेच झालं. मान धरली. डावीकडे वळली ती तिथेच राहिली, आणि थोरहिल्डबाईंची खुर्ची होती उजवीकडे. त्या हवामानावर बोलल्या, मासेमारीवर बोलल्या, नातवंडांवर बोलल्या. रादोसाव डावीकडच्या कुंडीकडे बघत राहिला.

"कलम नऊ जरा सौम्य करता येईल," अखेर त्या हळूच म्हणाल्या.

आभार मानायला त्याने वळायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसतं कण्हणं बाहेर पडलं.

"दोन वर्षांनी लागू करू?"

त्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळचं कण्हणं तीन टेबलांवर ऐकू गेलं.

गोड पदार्थ यायच्या आत कलम नऊ रद्द झालं.

शुक्रवारी पंतप्रधानांनी बोलावलं. रादोसाव समोर बसला आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बघू लागला.

"रादो, माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस?"

"बघता येत नाही, साहेब."

वुकोतांनी कपाळ पुसलं. "एवढा राग? अरे, ती कॉफीवरची बडबड होती. हे बघ, उपपंतप्रधान करतो. दोन खाती, मोठी गाडी."

रादोसाव मुळात मास्तर. त्याला खोटं फार वेळ पेलत नसे. "साहेब, खरं सांगतो. बहिष्कार नव्हता तो. वारं लागत होतं. आरपारचं."

पंतप्रधान शांतपणे उठले, आपल्या खोलीची खिडकी लावली, मग दार लावलं, दाराच्या फटीला हात लावून पाहिला.

"आत बनियन होतं?"

"नव्हतं."

"अरे देवा!" वुकोता मटकन खाली बसले. "आणि तरी चौथ्या झुळकेपर्यंत बसून राहिलास? देशासाठी?" त्यांनी उठून खिडकीची कडी पुन्हा तपासली. "उपपंतप्रधानपद पक्कं. पण हे बाहेर बोलू नकोस. बाहेरच्यांना बहिष्कार कळतो, हे नाही कळायचं."

शनिवारी उपपंतप्रधानांचा पहिला दौरा गावाकडे निघाला, मोठ्या गाडीच्या सगळ्या काचा बंद करून. स्तानाबाई फाटकात उभ्या होत्या. कालच्या भेटीची बातमी कॉफीच्या टेबलांवरून गावात आधीच पोचली होती. गाडीतून तिरका उतरणारा मुलगा त्यांनी एकदाच नखशिखांत पाहिला.

"बनियन नव्हतं घातलंस."

"नव्हतं, आई." उत्तरेकडच्या मोठ्या देशाला नमवणारा माणूस जमिनीकडे बघायचा प्रयत्न करत म्हणाला. तेही जमलं नाही.

"आत चल. घरची राकिया दारू चोळते मानेला. उरली तर पी."

तेवढ्यात उजवीकडच्या कुंपणावरून इलिंका ओरडली, "काय गं स्ताना! जग चालवणारा आला म्हणे, आणि शेजाऱ्यांकडे ढुंकून बघत नाही?"

स्तानाबाईंनी रादोसावचा दंड धरला. तीन वर्षं वाट पाहिलेला क्षण होता तो. बनियनचं पुढे काय करायचं ते घरात गेल्यावर बघता आलं असतं.

"इलिंके," त्या शांतपणे म्हणाल्या, "काल तो पंतप्रधानांकडेसुद्धा बघत नव्हता."