तिसरीच्या वर्गातला पूर

"तोंडातून एकही शब्द काढायचा नाही. डोळ्यांनी वाचा, समजून घ्या आणि झालं की हात वर करा," असं बजावून स्नेहल मॅडमनी मोबाईलवर वेळ लावली. तिसरीच्या मूकवाचनाची चाचणी होती. जो भराभर वाचतो त्याला भराभर समजतं, हे मॅडमचं ठाम मत. कालच्या पालकसभेत त्यांनी ते ठणकावून सांगितलंही होतं.

मुलांनी उताऱ्याचे कागद हातात घेतले न घेतले तोच सम्राटचा हात वर.

"समजलं का रे?"

"समजलं की!"

"शाब्बास! ह्याला म्हणतात वाचन." इतरांना त्रास नको म्हणून मॅडमनी त्याला व्हरांड्यात पाठवलं.

तिथं ज्ञानूमामा शिपाई स्टुलावर पेंगत होते. "काय रं, भाईर का?"

"पूर आलाय, मामा. शाळा सोडल्या."

"एप्रिलात पूर?"

"मॅडमनी दिलेल्या कागदात छापलंय. मी सोता वाचलंय."

छापलंय म्हटल्यावर ज्ञानूमामांचं काही चालेना. त्यांनी घंटा बडवली. रणरणत्या उन्हात सगळी शाळा "पूर आला!" म्हणत फाटकाबाहेर पडली. रिक्षावाल्यांनी पोरं कोंबली. समोरच्या मिसळवाल्यानं गिऱ्हाईक सोडून कटाचं पातेलं आधी माडीवर चढवलं.

मॅडमनी धावत जाऊन सम्राटला दप्तरासकट पकडलं. "अरे, शेवट वाचलास का?"

"शेवट बी हुता व्हय?"

मॅडम कपाळाला हात लावून वर्गात आल्या. बाकं रिकामी. एकटी वर्षाराणी ओळीवर बोट ठेवून बसलेली.

"मॅडम, ह्यो पूर आजोबा ल्हान असतानाचा हाय, शेवटी लिवलंय," ती म्हणाली. "बाकीची कुठं पळाली?"

इतक्यात मुख्याध्यापक वर्धमान सर लालबुंद होऊन आत शिरले. "शाळा कुणी सोडली, मॅडम?"

नोकरीच जाते की काय, असं वाटून मॅडमनी उतारा पुढं केला. सरांची नजर वरच्या दोन-तीन ओळींवरून सर्रकन फिरली आणि चेहऱ्यावरचा राग मावळला.

"पाणी पायरीला लागलंय? अहो, मग आधी सांगायचं की! माझं घर नदीकडंच आहे."

"सर, शेवटची ओळ..."

सरांनी कागद खिशात कोंबला आणि पळत जाऊन स्कूटरला किक मारली.

"घरी जाऊन वाचतो!"